बासष्ट, सदुसष्ट की सत्तर? सोशल सिक्युरिटीच्या अर्जाआधी

पहिली तयारी म्हणजे टेबलाशी दोघांनी बसायचं. आमच्या न्यू जर्सीतल्या घरात टॅक्स, मॉर्गेज, ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं बचतखातं) सगळं ह्यांच्या लॅपटॉपवर, आणि सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली सरकारी पेन्शन, तीही त्याच फोल्डरात जाऊन बसली होती. मी १९९४ साली एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आले. कामाची परवानगी नव्हती. २००२ मध्ये ग्रीन कार्ड हाती आलं, मग लायब्ररीत अर्धवेळ, नंतर शाळेत. ‘माझं त्यात काय असणार?’ असं मलाच वाटायचं. पण मी ह्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि माझी आई, आजी दोघीही नव्वदी ओलांडून गेलेल्या. तेव्हा ह्यांचा अर्ज कधी जातो यावर शेवटची काही वर्षं मलाच काढायची आहेत. पुढचं सगळं त्या नजरेने वाचा.

आता दोघांची ‘माय सोशल सिक्युरिटी’ खाती वेगवेगळी उघडा आणि स्टेटमेंट छापून घ्या. छापूनच, कारण पेन हातात घेऊन एकेक वर्ष तपासायचंय. जुने डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेले वर्षाच्या पगाराचे कागद) शेजारी ठेवा. नोकऱ्या बदलताना, नाव बदलताना एखादं वर्ष गळालेलं असू शकतं. अशी चूक दुरुस्त करून घ्यायची मुदत साधारणपणे त्या वर्षानंतर तीन वर्षं, तीन महिने, पंधरा दिवस असते. त्यानंतरही काही अपवादांत दुरुस्ती होते, पण कागद तुमच्याकडे हवेत. रक्कम ठरते ती सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून. त्यापेक्षा कमी वर्षं काम केलं असेल तर उरलेल्या जागी शून्यं बसतात. माझ्या कागदावरची शून्यं बघून वाईट वाटलं, खोटं का बोलू. अजून दोन-तीन वर्षं काम केलं तर तेवढी शून्यं पुसली जातात, हेही तिथेच कळलं. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे स्टेटमेंटवरचे अंदाज तुम्ही अर्ज करेपर्यंत सध्याच्याच पगारावर काम करत राहाल असं धरून काढलेले असतात. साठीला नोकरी सोडून सत्तरीला अर्ज करणार असाल तर तो आकडा तेवढा येणार नाही.

स्वतःच्या हक्कासाठी ४० क्रेडिट (कमाईवर जमा होणारे गुण) लागतात, म्हणजे ढोबळमानाने दहा वर्षं काम. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. २०२६ मध्ये १,८९० डॉलर कमाईला एक. भारतातली नोकरी यात धरत नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात वर्षं जोडून घेण्याचा करारच झालेला नाही. उलट पूर्वी एक जाच होता. तिकडे बँकेत किंवा सरकारी नोकरी करून पेन्शन लागलेली असेल तर इकडची रक्कम कापली जायची. जानेवारी २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने ती कपात गेली, आणि तीही जानेवारी २०२४ पासून. त्या भीतीने कुणी अर्जच केला नसेल तर आता पुन्हा हिशेब मांडा. आणि ज्या मैत्रिणींची ४० क्रेडिट झालेली नाहीत त्यांनी हिरमुसायचं कारण नाही. नवऱ्याच्या रेकॉर्डवर मिळणाऱ्या रकमेला बायकोची स्वतःची क्रेडिट लागतच नाहीत. लग्नाला एक वर्ष झालेलं असावं, तुमची बासष्टी पूर्ण असावी आणि त्याने स्वतःची रक्कम सुरू केलेली असावी. (घटस्फोट झाला असेल आणि लग्न दहा वर्षं टिकलं असेल तर माजी जोडीदाराच्या रेकॉर्डवरही हक्क असतो.)

मग कागदपत्रं. इथे आपलं मराठी घर उघडं पडतं. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, शिवाय लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं तिसरंच. मंडळातल्या एका वहिनींची तीन कागदांवर तीन नावं होती. लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर पुढच्या भारतवारीत ते काम आधी उरका. पत्रिका आणि अल्बम पुरत नाहीत. मूळ कागद किंवा ज्या कार्यालयाने दिला त्याचीच प्रमाणित प्रत लागते. नोटरीची झेरॉक्स चालत नाही.

आणि जन्मतारीख! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून आमच्या ह्यांनाही चिकटलेली आहे, १ जून १९६०. गंमत म्हणजे या देशाच्या हिशेबात माणूस वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते वय गाठतो. म्हणजे १ जूनवाले ३१ मेलाच सदुसष्टचे होतात आणि त्यांचा हिशेब मे महिन्यात जन्मल्यासारखा लागतो. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, त्यालाही हाच नियम. एका महिन्याचा फरक आहे, पण अर्जावर महिना लिहिताना तो चुकवू नका.

आता मुख्य प्रश्न. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं पूर्ण वय, म्हणजे कपातीशिवाय रक्कम मिळण्याचं वय, ६७. बासष्टीला घेतलं तर ३० टक्के कायमची कपात, ६७ नंतर थांबलात तर दर वर्षी ८ टक्के वाढ, तीही सत्तरीपर्यंतच. त्यापुढे थांबण्यात काहीच मिळत नाही. समजा नवऱ्याची ६७ची रक्कम २,८०० डॉलर आहे. बासष्टीला १,९६०, सत्तरीला ३,४७२. महागाईवाढ दोन्हीकडे लागते, ती बाजूला ठेवू. बासष्टी विरुद्ध सत्तरी हा हिशेब बरोबरीला येतो ८० वर्षं ४ महिन्यांच्या आसपास. बहुतेक पुरुषमंडळी इथेच थांबतात. ‘ऐंशी कुणी बघितलीय, हातचं घ्या’ म्हणतात आणि अर्ज टाकून मोकळे होतात. एकटा माणूस असेल, तब्येत तोळामासा असेल, तर ते चुकीचंही नाही. पण जोडप्यात प्रश्न एकाच्या ऐंशीचा नसतो, दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या नव्वदीचा असतो.

तेच उदाहरण पुढे नेऊ. बायकोची स्वतःची ६७ची रक्कम ६०० आहे. नवऱ्याच्या २,८००च्या निम्मे १,४००, म्हणजे तिला वरचे ८०० मिळू शकतात. ही निम्मी मोजतात ती त्याच्या ६७च्या रकमेवर. तो सत्तरीपर्यंत थांबला म्हणून तिचे निम्मे वाढत नाहीत. तो आधीच घेत असताना तिने बासष्टीला अर्ज केला तर दोन्ही एकदमच सुरू झाले असं धरतात. ६००चे ४२०, ८००चे ५२०, मिळून ९४०. एक आता आणि एक नंतर, अशी निवड १९५४ च्या २ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना नाही. पण त्याने अर्ज केलेलाच नसेल तर ती फक्त स्वतःचे ४२० सुरू करू शकते. त्याने सत्तरीला अर्ज केला आणि तोवर तिची सदुसष्टी पूर्ण झाली असेल, तर वरचे ८०० तिला पूर्ण मिळतात, एकूण १,२२०. आमचं गणित साधारण असंच बसतं, म्हणून माझं छोटं आधी, ह्यांचं मोठं सत्तरीला. ह्यांचं सुरू झालं की माझा अर्ज पुन्हा करायचाय, ते आपोआप होईल असं मी धरून बसणार नाही.

आता कुणी बोलत नाही ते बोलू. नवरा गेला तर बायकोला दोन्ही मिळत नाहीत. मोठं राहतं, छोटं बंद होतं. ६७ नंतर विधवा झाली आणि त्याने सत्तरीला घेतलेलं असेल, तर ३,४७२ तिचे. त्याने बासष्टीला घेतलेलं असेल तर तिला त्याची चालू रक्कम किंवा त्याच्या ६७च्या रकमेचे ८२.५ टक्के, यातलं जास्त असेल ते, म्हणजे २,३१०. दर महिन्याला ११६२ डॉलरचा फरक, ती जगेल तितकी वर्षं. हा आकडा मी एका कागदावर लिहून ह्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला होता. वादच संपला. विधवेची रक्कम साठीपासूनही घेता येते, तेव्हा ७१.५ टक्के, आणि इथे मात्र एक आता, स्वतःचं नंतर अशी निवड चालते. तो अर्ज ऑनलाइन होत नाही, फोन करावा लागतो. एकरकमी मदत किती, तर २५५ डॉलर. दोघांची कमाई सारखीच असेल तर वरच्या ८०० डॉलरचं प्रकरण तुम्हाला लागू नाही, पण मोठं-छोटं हे आहेच.

काम चालू असेल तर सदुसष्टीआधी घेताना मर्यादा बघा. २०२६ मध्ये २४,४८० डॉलरच्या वर कमाई गेली की वरच्या प्रत्येक दोन डॉलरमागे एक रोखून ठेवतात. तो पुढे सदुसष्टीला हिशेबात परत धरतात, पण तोवर खिसा रिकामाच. टॅक्सचंही लक्षात असू द्या. दोघांचं मिळून, करासाठी ठरावीक पद्धतीने मोजलेलं उत्पन्न ३२,००० च्या वर गेलं की सोशल सिक्युरिटीचा काही भाग, आणि ४४,००० च्या वर ८५ टक्क्यांपर्यंत, फेडरल करात येतो. न्यू जर्सी राज्य त्यावर कर घेत नाही, तेवढाच दिलासा.

मेडिकेअर हा वेगळा अर्ज आहे आणि त्याची मुदत ६५ ला धरून सात महिने. नोकरीचा विमा चालू असेल आणि कंपनीत वीसपेक्षा कमी माणसं नसतील तर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) पुढे ढकलता येतो. कोब्रावर (नोकरी सुटल्यावर स्वतःच्या खर्चाने चालू ठेवलेला कंपनीचा विमा) विसंबून थांबलात तर दर बारा महिन्यांच्या उशिराला १० टक्के दंड, जन्मभर. एचएसएमध्ये (औषधपाण्याच्या करमुक्त बचतखात्यात) पैसे भरत असाल तर मेडिकेअर सुरू होण्याच्या सहा महिने आधी थांबवा. पासष्टीनंतर सोशल सिक्युरिटीचा अर्ज केला की पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग) सहा महिने मागे जाऊन लागू होतो, आणि तेवढं भरलेलं अंगाशी येतं.

निवृत्तीनंतर पुण्यात बस्तान हलवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. मेडिकेअर तिथे चालत नाही, आणि पार्ट बी सोडून गेलात तर परत आल्यावर दंड वाट बघत असतो. नागरिकत्व घेतलं असेल तर रक्कम तिथे मिळत राहते. ग्रीन कार्डावरच असाल तर सहा महिने बाहेर राहिल्यावर नियम बदलतात, आणि जोडीदाराच्या रेकॉर्डवर घेणाऱ्याला इथे पाच वर्षं राहिल्याचा निकष लागू शकतो. जाण्याआधी विचारा. तिथल्या पत्त्यावर अधूनमधून एक फॉर्म येतो, आपल्या पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासारखा. तो भरून पाठवला नाही तर पैसे थांबतात.

अर्ज चार महिने आधी करता येतो. कोणत्या महिन्यापासून हवं ते स्पष्ट लिहा, शेऱ्याच्या चौकटीतही लिहा. सदुसष्टीनंतर अर्ज केलात तर तिकडचा माणूस प्रेमाने सहा महिन्यांची मागची रक्कम एकदम देऊ करेल. घ्यायला बरं वाटतं, पण तेवढे महिने मागे जाऊन तुमची मासिक रक्कम ठरते, आणि पुढे बायकोचीही. सत्तरीसाठी थांबला असाल तर नको म्हणा. अर्ज करून पस्तावलात तर पहिल्या बारा महिन्यांत एकदा मागे घेता येतो, मिळालेलं सगळं परत करून, आणि बायकोने तुमच्या रेकॉर्डवर घेतलेलंही.

बँकेचा रूटिंग नंबर तयार ठेवा आणि खातं दोघांच्या नावाचं असू द्या. मे महिन्याचे पैसे जूनमध्ये येतात. तारीख १ ते १० मध्ये जन्मलेल्यांना दुसऱ्या बुधवारी, २० पर्यंतच्यांना तिसऱ्या, बाकीच्यांना चौथ्या. गुरुजींच्या कृपेने ह्यांचा दुसरा बुधवार आहे.