शेततळ्यातल्या माशांना घरचं खाद्य देताना या चुका टाळा

तयार गोळीखाद्याचा भाव बघून रोहू-कटला पाळणारे बरेच जण घरीच खाद्य करतात. जरूर करा. फक्त गुरं खातात ते माशांनाही चालेल, हा हिशेब सोडा.

लातूर-धाराशिवकडे घरोघर सोयाबीन असतं, म्हणून ते कच्चंच भरडून तळ्यात जातं. मासे ते खातात, पण अंग धरत नाहीत, कारण कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो. उष्णतेने तो निकामी होतो. दाणे रात्रभर भिजवा, अर्धा तास उकळा, वाळवा आणि मगच दळा. बाजारातली सोयापेंड आधीच तापवलेली असते, तिला हा खटाटोप लागत नाही.

शेंगदाणा पेंडीत प्रथिनं 40 टक्क्यांच्या वर असतात, म्हणून भाताच्या कोंड्याबरोबर निम्मे-निम्मे मिसळायची जुनी रीत आहे. ती चांगलीच आहे. घोटाळा होतो साठवणीत. एका जुलैत माझं भिंतीला टेकलेलं पोतं वरून कोरडं होतं. ढेप फोडली तर आत करडा-हिरवा पट्टा आणि कुबट वास. उन्हात घातली की बुरशी दिसेनाशी होते, पण अफ्लाटॉक्सिन हे तिचं विष उन्हाने जात नाही आणि शिजवूनही जात नाही. जीव तुटला तरी अशी पेंड पुरून टाका. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. कोंडा लवकर खवट होतो, तो पंधरा दिवसांपुरताच आणा.

सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हा विषारी घटक असतो. ती एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शापुढे मी तरी नेत नाही.

मोहाची पेंड मात्र मूठभरसुद्धा नको. गडचिरोली-गोंदियाकडे ती स्वस्तात मिळते, पण तिच्यातलं सॅपोनिन माशांचा जीव घेतं. मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच पेंड हेक्टरी 2,500 किलोपर्यंत टाकतात, आणि तिचं विष उतरायला दोन-तीन आठवडे जातात.

पाण्यावर तरंगणाऱ्या अझोला या बारीक वनस्पतीबाबत फसगत वजनात होते. प्रथिनं 20-25 टक्के म्हणतात ती वाळलेल्या अझोलाची. ओला 10 किलो वाळवला तर हातात जेमतेम अर्धा-पाऊण किलो येतो. एक किलो पेंड काढून एक किलो ओला अझोला घातला, तर माशांना तुम्ही बहुतेक पाणीच दिलंत.

मिश्रण शिजवून शेवयांच्या साच्यातून काढा आणि वाळवा. एक तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकून बघा. दहा मिनिटांत विरघळला तर पीठ कमी शिजलंय. ते खाद्य तळाशी सडणार. खाद्य भोकं पाडलेल्या गोणीत भरून बांबूला टांगा. दोन-तीन तासांनी गोणीत उरलेलं दिसलं तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी भरा. आभाळ भरून आलं असेल किंवा पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर त्या दिवशी गोणी रिकामीच राहू द्या.