तोंडी चालत नाही : लिव्हिंग विल मी कसं केलं, तुम्ही कसं करावं

तलाठी म्हणून माझी सगळी नोकरी डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत गेली. एक-चौदाचे उतारे (गोव्याचा सातबाराच म्हणा), म्युटेशन, कुळांची भांडणं. एकच वाक्य मी हजारदा बोललो असेन : "तोंडी चालत नाही, कागद आण." २०२३ च्या पावसाळ्यात ते वाक्य माझ्यावरच उलटलं.

माझा मोठा भाऊ, आमचा भाई, मेंदूत रक्तस्राव होऊन पडला. वय ७८. तेवीस दिवस व्हेंटिलेटरवर. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, शुद्ध येण्याची आशा धरू नका. मग पुढे काय, असं विचारलं की म्हणायचे, घरच्यांनी ठरवा. घरचे म्हणजे वहिनी, तीन मुलं आणि आम्ही चार भावंडं. मस्कतचा थोरला फोनवर म्हणे, मी येईपर्यंत काही करू नका. धाकटी म्हणे, बाबांचे हाल थांबवा. भाई सोप्यावर बसून मला दोनदा बोलला होता, "मला नळ्यांत ठेवू नका रे." ते मी आयसीयूबाहेर सगळ्यांना सांगितलं, तेव्हा पुतण्यानं शांतपणे विचारलं, "काका, हें खंय बरयलां?" हे कुठे लिहिलंय?

तलाठ्याला विचारलेला प्रश्न. उत्तर नव्हतं. शेवटी भाई आपल्या वेळेला गेला, आमचं ठरलं नाही ते नाहीच.

पुढच्या वर्षी, ३१ मे २०२४ ला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपलं लिव्हिंग विल, म्हणजे उपचारांबद्दलचं आगाऊ इच्छापत्र, नोंदवलं. गोव्यातलं पहिलं. बातमी वाचली आणि मी वही उघडली. खाली लिहिलंय ते त्या वहीतलं आणि त्यानंतरच्या धक्क्यांतलं.

सगळ्यात आधी घरात नाव नीट सांगा. आपल्या गोव्यात "विल" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भाट, घर आणि सब-रजिस्ट्रार उभा राहतो. मी बायकोला म्हटलं, विल करतोय, तर संध्याकाळपर्यंत दोन भावांचे फोन आले. या कागदाचा मालमत्तेशी काडीचाही संबंध नाही. आजारपणात, आपल्याला बोलता येत नसताना, कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, एवढंच त्यात असतं. मालमत्तेच्या विलात मुलंबाळं असली की आपला कायदा अर्ध्यावरच मोकळीक देतो. इथे सगळा देह तुमचा, इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या खटल्याची, भानगड नाही.

कायद्याचं थोडक्यात. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी असा कागद करण्याचा हक्क मान्य केला. पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती. न्यायालयात कागदावर सही मिळवणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको. त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला त्याच न्यायालयानं ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. करणारा १८ वर्षांवरचा आणि पूर्ण शुद्धीतला हवा, आणि त्यानं ते स्वखुशीनं केलेलं हवं. कोणाला मारण्याची परवानगी यात नाही. इंजेक्शन देऊन मरण आणणं आजही गुन्हाच आहे. रोगाला त्याच्या वाटेनं जाऊ देणं, एवढीच मुभा.

या प्रश्नावर दोन्ही बाजूंना चांगली माणसं आहेत, हे मी विसरत नाही. अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत मुंबईच्या केईएममध्ये पडून होती. तिचं अन्न थांबवावं असा अर्ज २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा तिथल्या परिचारिकांनी विरोध केला. त्यांनीच तिला इतकी वर्षं जपलं होतं. त्यांचं चुकलं असं माझ्यानं म्हणवत नाही. पण अरुणाला स्वतःला काय हवं होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या बाबतीत निदान ते तरी ठाऊक असावं.

आता मजकूर. माझ्या पहिल्या खर्ड्यात एकच ओळ होती : "मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये." आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ती खोडली. त्याच महिन्यात आमच्या वाड्यावरचा एक बागायतदार लेप्टोस्पायरोसिसनं बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, चार दिवस व्हेंटिलेटरवर होता आणि आता परत कुळागरात सुपारी गोळा करतोय. डॉक्टर म्हणाले, "त्यानं तुमच्यासारखं लिहिलं असतं तर?" यंत्राला नाही म्हणू नका, कोणत्या अवस्थेत नाही ते लिहा. माझा पक्का मजकूर असा झाला :

"मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, परिणाम समजून हे लिहीत आहे. माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल, किंवा मी पुन्हा माणसं ओळखण्याची व बोलण्याची आशा उरली नसेल, असं डॉक्टरांच्या मंडळांनी ठरवलं आणि मला माझा निर्णय सांगता येत नसेल, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस व छाती दाबून हृदय चालू करण्याचे उपचार सुरू करू नयेत. सुरू असतील तर थांबवावेत. वेदना, धाप आणि घशाची कोरड यांवर शेवटपर्यंत उपचार द्यावेत. हे पत्र मी केव्हाही लेखी रद्द करू शकतो."

छाती दाबण्याचं खास विचारून घ्या. सिनेमात माणूस दोन दणक्यांत उठून बसतो. म्हाताऱ्या हाडांच्या फासळ्या मोडतात. नाकातून पोटात जाणाऱ्या नळीबद्दल वेगळी ओळ लिहा, हवी की नको ते तुम्ही ठरवा, पण गप्प राहू नका. आपल्याकडे बाकी सगळं लोक विसरतील, "शेवटी उपाशी ठेवला" हे बाराव्यापर्यंत बोलत राहतील. शेवटच्या दिवसांत शरीराची भूकच सरते, हे डॉक्टरांनी मला समजावलं. तेच मी घरच्यांना समजावलं.

कागद मराठीत केलात तरी सोबत इंग्रजी प्रत ठेवा. माझं मराठीवर प्रेम आहे, पण रात्री दोन वाजता ड्यूटीवर असणाऱ्या डॉक्टरला देवनागरी वाचता येईलच असं नाही.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड, आणि त्याला नोटरी मदत करत नाही. तुमच्या वतीनं बोलणारी माणसं निवडायची असतात. पालक म्हणा किंवा जवळचे नातेवाईक, एकाहून जास्त नावं देता येतात. तुम्ही लिहिलेलंच ती बोलणार आहेत, पण त्यांच्या संमतीशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत. माझा मुलगा पुण्याला. तो माझ्यावर जीव टाकतो आणि म्हणूनच मी त्याचं नाव पहिलं घातलं नाही. आयसीयूच्या दारात पाच नातेवाईक "एवढ्यात हरलास?" म्हणणार, तेव्हा जो रडून "बरं, ठेवा अजून" म्हणेल, त्याच्या हाती हा कागद निरुपयोगी. मी पहिलं नाव भाचीचं घातलं. ती फोंड्याला शाळेत शिकवते, भाईच्या वेळी तिनंच डॉक्टरांना सरळ प्रश्न विचारले होते. मुलाचं नाव दुसरं.

मुलगा दुखावला. दोन महिने फोनवर "जेवलात का?" एवढंच. मी ते निस्तरलं ते चवथीला. सगळं घर मूळ घरी जमतं, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला सगळे हात लागतात, त्यामुळे बोलायला ती उत्तम वेळ. पण पहिल्या दिवशी नको. गणपतीसमोर मरणाची गोष्ट काढलीत तर बायका उठून जातील, आणि बरोबरच आहे. विसर्जनानंतर, भजनी मंडळी गेल्यावर, मी सगळ्यांना सोप्यावर बसवलं आणि मजकूर मोठ्यानं वाचला. मुलाला म्हटलं, "तुला बाजूला नाही काढलं रे. 'थांबवा' हा शब्द तुझ्या तोंडून यायला नको, म्हणून केलं." तो काही बोलला नाही. रात्री येऊन त्यानं एक प्रत मागितली.

वाचणं टाळू नका. घडी घालून कपाटात ठेवलेला कागद आणि भाईचं सोप्यावरचं बोलणं यांत मला फरक दिसत नाही.

सहीचा दिवस त्या मानानं किरकोळ. साक्षीदार शक्यतो नात्यातले नकोत. मी एक माजी सहकारी आणि एक शेजारी नेले. ओळखपत्रं न्या, प्रत्येक पानावर सही करा, तारीख घाला. तारीख महत्त्वाची, कारण पुढे मन बदलून दुसरा कागद केलात तर शेवटचा खरा धरतात.

प्रती कोणाकोणाला? नावं घातलेल्या माणसांना, फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांना, आणि एक पंचायतीत किंवा नगरपालिकेत. निवाड्यानुसार स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्यानं ती जपायला माणूस नेमायचा असतो. मी गेलो त्या पंचायतीत सचिवानं कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "हें मृत्युपत्र न्हय? सब-रजिस्ट्राराकडे वच." मी निवाड्याची छापील प्रत पुढे केली, वर अर्ज लिहून आवक शिक्का मागितला. शिक्का मिळाला. जुन्या तलाठ्याचा सल्ला : शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

वेळ आली तर इस्पितळात काय होतं, तेही घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे दाखवला कागद आणि काढली नळी अशी समजूत राहत नाही. आधी तुम्ही शुद्धीत असाल तर हा कागद लागूच होत नाही, डॉक्टर तुम्हालाच विचारतात. नसाल तर कागद खरा आहे का याची खातरजमा होते. मग इस्पितळ पहिलं वैद्यकीय मंडळ नेमतं : उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचं मत झालं की दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यावा, असं न्यायालय म्हणतं. उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं. मंडळानं नकार दिला तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाता येतं. कागद नसला तरीही मंडळांची हीच वाट घरच्यांच्या संमतीनं धरता येते. ते आम्हाला २०२३ मध्ये ठाऊक नव्हतं, कोणी सांगितलंही नाही.

आम्हाला सांगितलं गेलं ते वेगळंच. "घरी न्यायचा तर न्या, पण सल्ल्याविरुद्ध नेतोय अशी सही करा." ही सही सहसा करू नका. मग माणूस घरी येतो तो हातानं श्वासाचा फुगा दाबत, अँब्युलन्समध्ये, धापेवरचं औषध नाही, कोणी नर्स नाही, आणि दोष सगळा सही करणाऱ्याच्या माथी. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं नव्हे, "नळ्या काढल्यावर त्रास होऊ नये म्हणून काय देणार?" हा प्रश्न लेखी विचारा. आणि पैशांची गोष्ट दडवू नका. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत आधार देतं, ते नूतनीकरण करून ठेवा. खर्च परवडत नाही म्हणून थांबवणं आणि उपयोग नाही म्हणून थांबवणं, या दोन गोष्टी घरच्यांच्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या की आयुष्यभर टोचत राहतात. भाईच्या घरात अजून टोचतात.

दर वर्षी एकदा कागद काढून वाचा. मी यंदा डायलिसिसच्या ओळीत दोन शब्द वाढवले, म्हणजे साक्षीदार, नोटरी, शिक्का, सगळं नव्यानं. जुन्या प्रती परत मागून फाडल्या.

मूळ कागद कुठे ठेवायचा यावर आमच्या घरी वाद झाला. मी म्हटलं, बँकेच्या लॉकरमध्ये. बायको म्हणाली, "रात्री बँक कोण उघडणार, अहो?" आता तो दाराच्या खुंटीवर, कापडी पिशवीत. आत दीनदयाळ कार्ड, आधारची झेरॉक्स, माझ्या गोळ्यांची यादी, भाचीचा नंबर, एक टॉवेल. पिशवीवर तिनं मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय : बांबोळी.