क्ष-किरण जोडताऱ्यांचा परिभ्रमणकाळ काढताना या चुका टाळा

सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी क्ष-किरण जोडतारे (कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा आणि त्याला वायू पुरवणारा जोडीदार तारा) निवडणारी मुलं बहुतेकदा एकाच जागी अडतात. क्ष-किरणांचं तेज एकाएकी वाढतं अशा दोन उद्रेकांमधलं अंतर मोजतात आणि तोच परिभ्रमणकाळ, म्हणजे एका फेरीचा वेळ, धरून पुढे जातात. व्ही ४०४ सिग्नी घ्या. तिथलं कृष्णविवर आणि त्याचा जोडीदार साडेसहा दिवसांत एक फेरी पूर्ण करतात, पण मोठे उद्रेक दिसले ते १९३८, १९८९ आणि २०१५ साली. जोडीदाराकडून ओढलेला वायू कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत वर्षानुवर्षं साचतो. ती पुरेशी तापून हायड्रोजनचं आयनीभवन झालं की साठलेला वायू वेगाने आत कोसळतो. म्हणजे हे वेळापत्रक तबकडी ठरवते, कक्षा नव्हे.

गोंधळ वाढतो तो बीई (Be) प्रकारच्या, म्हणजे स्वतःभोवती वायूची चकती असलेल्या जोडीदार ताऱ्यांमुळे, कारण तिथे हा समज अर्धा खरा ठरतो. ए ०५३५+२६२ मधला न्यूट्रॉन तारा सुमारे १११ दिवसांनी जोडीदाराच्या सर्वांत जवळ येतो आणि बरेचदा तेव्हाच नेहमीचा, छोटा उद्रेक होतो. पण कित्येक फेऱ्या कोरड्याही जातात. शिवाय नोव्हेंबर २०२० सारखा महाउद्रेक, ज्यात हा स्रोत क्ष-किरणांत तेजाचं माप मानल्या जाणाऱ्या खेकडा तेजोमेघाच्या दहापटीहून अधिक तेजस्वी झाला, कक्षेचं वेळापत्रक पाळतोच असं नाही. असा एकच उद्रेक सगळं गणित आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून स्विफ्ट किंवा मॅक्सी या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणींचा अनेक वर्षांचा डेटा घ्या, आधी आलेख डोळ्यांनी नीट बघा, महाउद्रेक वगळा आणि मगच पिरिओडोग्राम (कोणता काळ डेटात किती ठळकपणे पुन्हा पुन्हा येतो, हे शिखरांतून दाखवणारा आलेख) काढा. डेटाचे दोन भाग करून दोन्हींत तेच शिखर येतं का, हेही तपासा.

शिखर उंच आहे म्हणून ते कक्षेचंच, असं मानू नका. दर जूनमध्ये सूर्य वृषभ राशीतून जातो, तेव्हा त्याच राशीतल्या ए ०५३५+२६२ च्या नोंदींत खंड पडू शकतो आणि त्यातून वर्षभराचा खोटा काळ उमटतो. नव्वदेक मिनिटांचं शिखर दिसलं तर आधी उपग्रहाच्या स्वतःच्या फेरीवर संशय घ्या. हर्क्युलिस एक्स-१ मध्ये ३५ दिवसांचं चक्र ठळक दिसतं, पण ते वाकलेल्या तबकडीच्या डोलण्याचं आहे, कक्षा १.७ दिवसांची.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे प्रकाश आपल्यापर्यंत कधी थोडा आधी, कधी थोडा नंतर पोहोचतो; म्हणून नोंदींच्या वेळा सौरमंडलाच्या वस्तुमानकेंद्राला जुळवून घ्या. १११ दिवसांच्या शोधात हा फरक जाणवत नाही, पण ४यू १८२०-३० ची फेरी ६८५ सेकंदांची आहे आणि प्रकाशाला सूर्यापासून आपल्यापर्यंत यायलाच सुमारे ५०० सेकंद लागतात.

न्यूट्रॉन ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे येणारे नियमित ठोके, म्हणजे स्पंद, मिळत असतील तर मात्र उद्रेकांच्या मागे लागूच नका. सेंटॉरस एक्स-३ चे ४.८ सेकंदांचे स्पंद कधी लवकर, कधी उशिरा येतात. या मागेपुढे होण्यातूनच त्याची २.०९ दिवसांची कक्षा उलगडली. याहून भरवशाचा पुरावा नाही.

आणखी एक. क्ष-किरण वातावरण अडवतं, म्हणून सोलापुरातून करण्यासारखं काही नाही, असं समजू नका. ए ०५३५+२६२ चा जोडीदार नवव्या प्रतीचा, म्हणजे लहान दुर्बिणीतूनही दिसण्याइतका तेजस्वी आहे. वृषभाच्या दोन शिंगांच्या टोकांमधला हा तारा हिवाळ्यात इथे जवळजवळ डोक्यावर येतो. शहराच्या दिव्यांपासून दूर, आठ इंची दुर्बीण आणि साधा वर्णपटमापक घेऊन त्याची हायड्रोजन-अल्फा रेषा (वर्णपटातली हायड्रोजनची लाल रेषा) नोंदवत राहा. ताऱ्याभोवतीची वायूची चकती वाढतेय की विरतेय, हे तिच्यावरून कळतं, आणि न्यूट्रॉन ताऱ्याला इंधन मिळतं ते त्याच चकतीतून.