सेंट हेलेन्सवर जोडीनं स्की करायला जाताय? या चुका टाळा

वॉशिंग्टन राज्यातला माउंट सेंट हेलेन्स 18 मे 1980 च्या उद्रेकात सुमारे 1,300 फुटांनी खुजा झाला. आता त्याची उंची साधारण 8,363 फूट आहे. बर्फाच्या दिवसांत वर्म फ्लोजच्या वाटेनं मार्बल माउंटनच्या पार्किंगपासून जवळपास 5,700 फूट चढायचं आणि स्कीवर खाली यायचं. दोर लागत नाही, म्हणून लोक या वाटेला हलक्यात घेतात.

सगळ्यात घातक चूक माथ्यावर होते. इथला माथा म्हणजे विवराचा काठ. वारा बर्फ उडवून काठापलीकडे साठवतो आणि विवरावर पुढे आलेला छज्जा तयार होतो. त्यालाच कॉर्निस म्हणतात. वरून तो सपाट मैदानासारखा दिसतो, खाली मात्र पोकळी असते. 2010 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये असा छज्जा तुटून गिर्यारोहक विवरात पडले आणि दगावले. सिॲटल-पोर्टलंडकडच्या मराठी मंडळींत सह्याद्रीत मुरलेले ट्रेकर बरेच आहेत. त्यांना कोकणकड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली बघायची सवय असते. तिथे पोटाखाली कातळ असतो, इथे नसतो. छज्जा कधी कधी काठाच्या बराच आतल्या रेषेवर तुटतो, त्यामुळे पुढे उमटलेली पावलं पाहून ‘इथपर्यंत चालतं’ असं मानू नका. विवर दिसलं नाही तरी चालेल. फोटोसाठी जोडीदाराला ‘अजून थोडा मागे हो’ म्हणणं तर कटाक्षानं टाळा.

दुसरी चूक वेळेची. पहाटे लवकर निघून आठ-नऊलाच माथा गाठला आणि लगेच स्की लावल्या, की रात्रभर गोठलेल्या टणक उतारावर स्कीच्या कडा धरत नाहीत. वरच्या भागात घसरलात तर अडवायला ना झाड, ना झुडूप. वसंतात उन्हानं वरचा थर दोन-तीन सेंटिमीटर मऊ होईपर्यंत थांबा. बुटाची टाच दाबून बघा: नुसता ओरखडा उठला तर अजून वेळ आहे, घोट्यापर्यंत पाय रुतला तर उशीर झालाय आणि ओल्या बर्फाच्या हिमस्खलनाचा धोका वाढलाय. रात्री ढग असतील तर बर्फ नीट गोठतच नाही. अशा दिवशी वेळेचं गणित सकाळीच कोलमडतं, तेव्हा मागे फिरा. नॉर्थवेस्ट ॲव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाज आदल्या संध्याकाळी दोघांनीही वाचा. एकानं वाचून दुसऱ्याला सांगणं पुरेसं नाही.

स्किन (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची, मागे घसरू न देणारी पट्टी) काढताना स्की हातातून निसटणं हा नेहमीचा प्रकार. उतारावर सुटलेली स्की परत मिळेलच असं नाही. आधी फावड्यानं पाय ठेवण्यापुरती सपाट जागा करा. मग एकावेळी एकच स्की काढा, ती बर्फात उभी खोचा, स्किन दुमडून जॅकेटच्या आत ठेवा म्हणजे गोंद गार पडणार नाही. बूट चालण्याच्या मोडवरून स्कीच्या मोडवर आणलेत का, हे एकमेकांचे तपासा.

जोडीदाराबाबतची मोठी चूक म्हणजे एक स्कीवर आणि दुसरा स्नोशूजवर (बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटींवर). स्कीवाला तासाभरात खाली पोहोचतो, दुसरा कितीतरी वेळ एकटाच वर राहतो. तो पडला तर स्कीवाल्याला पुन्हा सगळा चढ चढावा लागेल. त्यामुळे दोघंही एकाच साधनावर, शक्यतो सारख्या तयारीचे असा. उतरताना एकावेळी एकानं सुटायचं, दुसऱ्यानं नजर ठेवायची. थांबायचं ते दिसेल अशा ठिकाणी आणि बाजूला, वरच्याच्या वाटेत नाही. किती वाजता माघारी फिरायचं ते पार्किंगमध्येच ठरवा. गाडीची किल्ली कोणाकडे आहे तेही विचारून घ्या.

आता दिशेचं. डोंगर शंकूसारखा असल्यानं वर थोडं चुकलं तरी पायथ्याशी मैलभराचा फरक पडतो. धुक्यात तर भलत्याच घळीत उतरायला वेळ लागत नाही. चढताना जीपीएसवर वाट नोंदवा आणि उतरताना ती दोन-तीनशे फुटांनी तपासा. घळ चुकल्याचं कळलं तर ‘पुढे वळू’ म्हणत आणखी खाली जाऊ नका. तिथेच थांबा, जोडीदाराला हाक द्या, स्किन लावा आणि परत वर या. अर्धा तास जाईल, पण संध्याकाळी जंगलात रस्ता शोधत बसावं लागणार नाही.

1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर या काळात परवाने मर्यादित असतात, ते आधीच ऑनलाइन काढा. मे महिन्यात मदर्स डेला फ्रॉक घालून चढायची इथे जुनी प्रथा आहे. त्या शनिवार-रविवारचे परवाने लवकर संपतात.