निवृत्तीसाठी उबदार आणि नांदते शहर निवडताना या चुका टाळा

डिसेंबरच्या अखेरीस पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी बसले की उत्तरेच्या थंडीने आखडलेले सांधे मोकळे होतात, मांडवीवरून येणारा वारा अंगाला झोंबत नाही आणि उरलेले आयुष्य इथेच काढावे, असे मनात येते. दिल्लीत सव्वीस वर्षे नोकरी केल्यानंतर माझ्या आणि यजमानांच्या मनात हेच आले होते. सुदैवाने आम्ही त्या संध्याकाळच्या भरवशावर घर विकत घेतले नाही. आधी अकरा महिन्यांच्या भाडेकराराने राहून पाहिले. त्या काळात, आणि पुढे ओळखीच्या अनेक जोडप्यांना पणजी, रत्नागिरी, कोल्हापूर, नाशिक अशा शहरांकडे वळताना पाहून, ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या त्या इथे लिहीत आहे. यांतील बहुतेक चुका एकाच सवयीतून होतात. लोक आधी घर पसंत करतात आणि मग त्या घराभोवतीच्या शहराशी जमवून घेऊ पाहतात.

सुट्टीत पाहिलेले शहर राहते शहर समजणे

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक ऋतूची आहे. उबदार शहराच्या शोधात निघालेला माणूस थंडीच्या दिवसांत प्रवास करतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात महाराष्ट्र-गोव्यातले जवळजवळ प्रत्येक शहर सुखाचे वाटते. पणजी किंवा रत्नागिरीत हिवाळ्यातही रात्रीचे तापमान सहसा 18 ते 20 अंशांच्या आसपास राहते, तर नाशिकमध्ये जानेवारीत ते अनेकदा 10 अंशांच्या खाली उतरते. नाशिकच्या थंडीत एक आठवडा राहिलेल्या संधिवाताच्या माणसाला कोकणचा किनारा स्वर्ग वाटला तर नवल नाही. मात्र त्याच किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या चौपट, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो.

हे चार महिने घरात काय करतात, ते डिसेंबरमध्ये कोणी सांगत नाही. पश्चिमेच्या भिंतींना झड लागते आणि रंगाचे पोपडे सुटतात. कपाटातल्या रेशमी साड्यांवर, चामड्याच्या चपलांवर आणि पुस्तकांच्या कण्यांवर बुरशी धरते. गच्चीवरचा सौर बंब ऐन गरजेच्या दिवसांत गार पडतो. धुतलेले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. समुद्राच्या खाऱ्या हवेने फ्रीजचा आणि वातानुकूलन यंत्राचा पत्रा गंजतो, तो खर्च वेगळा. वृद्धांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे म्हणजे अंगणातल्या फरशीवर आणि पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडण्यास एकदा पाय घसरणे पुरेसे असते. कौलारू घराची हौस असेल तर दर वर्षी पावसाआधी कौले परतण्यासाठी माणूस मिळेल का, याची चौकशी घर घेण्याच्या आधीच करावी, कारण हे काम जाणणारी माणसे आता कमी होत चालली आहेत.

यावर उपाय साधा आहे, तरी तो फार थोडे लोक करतात. ज्या शहरात राहायचे मनात आहे, तिथे जुलैमध्ये किमान तीन आठवडे आणि मे महिन्यात किमान दहा दिवस राहावे, आणि तेही हॉटेलात न राहता भाड्याच्या घरात, स्वतः भाजी आणून आणि स्वतः कपडे वाळत घालून.

सगळी ऊब सारखीच मानणे

कोरडी उष्णता आणि दमट उष्णता शरीराला वेगवेगळ्या रीतीने त्रास देतात, हे ध्यानात घेतले जात नाही. नागपूरला मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तिथे घाम चटकन वाळतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती कमी झाले ते कळतच नाही. पणजीत त्याच दिवसांत तापमान 33-34 अंशांचेच असते, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होण्याचा मार्गच खुंटतो. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात रक्तातले सोडियम उतरून चक्कर येणे, गोंधळल्यासारखे होणे असे प्रकार घडू शकतात. म्हणून शहर ठरवण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर औषधांची यादी ठेवून विचारावे की, या गोळ्या घेऊन अमुक हवामानात राहणे मला झेपेल का. नागपूर हे नांदते, मोकळ्या मनाचे शहर आहे आणि तिथला हिवाळा सुरेख असतो; मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाने तिथला मे महिना अनुभवल्याशिवाय तिथे बस्तान हलवू नये, असे माझे मत आहे.

गजबज म्हणजेच नांदतेपणा समजणे

मॉल, खाण्याची ठिकाणे आणि पर्यटकांची गर्दी पाहून शहर जिवंत आहे, असा निष्कर्ष काढणे ही दुसरी मोठी चूक. पर्यटकांची गर्दी आपल्याशी बोलत नाही. नांदते शहर ते, जिथे संध्याकाळी पाच वाजता घरातून निघून, कोणाला आगाऊ न कळवता, पायी जाऊन बसता येईल अशा तीन तरी जागा असतात आणि तिथे आठवड्याभरात आपल्याला नावाने हाक मारणारे कोणी भेटते.

या कसोटीला उतरणाऱ्या जागा आपल्याकडे खरोखर आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 पासूनचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचे आहे. पुण्यात 1875 मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही ऐकणाऱ्यांना बोलावते. कोल्हापुरात देवल क्लबसारखी गाण्याची जुनी संस्था आहे आणि रंकाळ्याकाठची फेरी आहे. पणजीत कांपालला कला अकादमी आहे, पाटो भागात राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. शिवाय मराठी वर्तमानपत्र, मराठी भजन आणि मराठी नाटक गोव्यात घरचेच आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला तिथे भाषेचे परकेपण जाणवत नाही. शेजारपाजारचे बोलणे कोंकणीत चालते. ते ऐकून समजून घेण्याची तयारी ठेवली आणि चार वाक्ये बोलण्याचा प्रयत्न केला, तर शेजारी मनापासून आपले म्हणतात, हा आमचा अनुभव आहे. कोंकणीला मराठीची बोली म्हणून मोडीत काढणारा माणूस मात्र तिथे कायम पाहुणाच राहतो.

महाराष्ट्रातल्या शहरांत ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे मोठे आहे आणि फेस्कॉम हा त्यांचा महासंघ आहे. घर पाहण्यासाठी जाल तेव्हा दलालाला भेटण्याआधी त्या भागातल्या संघाच्या एखाद्या सभेला जाऊन बसावे. सभेला बायका किती येतात, एकट्या राहणाऱ्या सभासदांची विचारपूस कोण करते, आजारपणात कोण धावून येते, हे तासाभरात दिसते. शहराबद्दल इतकी खरी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पायी चालण्याची कसोटी घेताना चढ विसरू नये. रत्नागिरी आणि पणजी दोन्ही उंचसखल आहेत. नकाशावर अर्धा किलोमीटर दिसणारे वाचनालय प्रत्यक्षात एका दमछाक करणाऱ्या चढावर असू शकते. पणजीतल्या आल्तिनोसारख्या टेकडीवरचे घर पाहताना दृश्य मोहक वाटते, पण दुधाची पिशवी आणायलाही रिक्षा लागू लागली की ते घर बेट होते.

रुग्णालयाचे नाव पाहणे, पण नियम न पाहणे

शहरात मोठे रुग्णालय आहे एवढ्यावर समाधान मानू नये. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणून रात्री दोन वाजता स्कॅन होतो का, हृदयविकाराच्या झटक्यात लागणाऱ्या अँजिओप्लास्टीची सोय चोवीस तास असते का, हे दोन प्रश्न समक्ष जाऊन विचारावेत. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे चालतो; आपल्या गल्लीत ती वळते का, हेही पाहावे.

राज्य बदलणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क द्यावे लागते, आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी राज्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते. त्याचप्रमाणे महाराष्ट्रात एसटीचा प्रवास 65 ते 75 वर्षे वयाच्या लोकांना अर्ध्या भाड्यात आणि 75 वर्षांवरील लोकांना विनामूल्य मिळतो, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती असते. म्हणजे सीमेपलीकडे गेलेला माणूस जुन्या राज्याच्या सवलती लगेच गमावतो आणि नव्या राज्याच्या सवलतींसाठी बरीच वर्षे थांबतो. ती मधली वर्षे स्वतःच्या विम्यावर आणि बचतीवर काढण्याची तयारी हवी. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेखाली उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ते देशभर संलग्न रुग्णालयांत चालते, तेव्हा आपल्या पसंतीच्या शहरात कोणती रुग्णालये त्यात आहेत, याची यादी आधीच पाहून ठेवावी.

दोघांचा विचार करणे, एकट्याचा न करणे

हा मुद्दा बोलायला जड आहे, म्हणूनच तो टाळला जातो. जोडपे शहर निवडते तेव्हा दोघेही सदैव बरोबर असतील, असे गृहीत धरते. गाडी बहुधा एकटा नवरा चालवतो, बँकेचे आणि वीजबिलाचे व्यवहार तोच पाहतो, आणि शहराबाहेर दहा किलोमीटरवर हिरवळीतला बंगला त्याच्या हौसेने घेतला जातो. पुढे तो गेला की मागे राहिलेली बाई त्या बंगल्यात अडकते. माझ्या ओळखीच्या एका बाईंना यजमान गेल्यानंतर औषधे आणण्यासाठीही शेजाऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागली. दोन वर्षांत त्यांनी ते घर सोडले. उलटही घडते. मागे राहिलेल्या पुरुषाला स्वयंपाक येत नसेल आणि आसपास पोळी-भाजीचा डबा देणारे कोणी नसेल, तर त्याचे हाल तितकेच होतात.

म्हणून घर ठरवण्याआधी दोघांनी एक प्रयोग करावा. एकाने आठ दिवस दुसऱ्या गावी जावे आणि दुसऱ्याने त्या शहरात एकट्याने राहावे, गाडी न वापरता, मुलांना फोन करून मदत न मागता. नंतर अदलाबदल करावी. आम्ही हे केले, आणि दोनापावलाच्या बाजूचे आवडलेले घर सोडून पणजीतल्याच मळा नावाच्या भागाजवळच्या वस्तीत भाड्याने राहू लागलो, कारण तिथून मारुतीचे देऊळ, औषधाचे दुकान आणि बसथांबा मला एकटीला चालत गाठता येत होता.

घाईने विकणे, घाईने घेणे

मुंबई-पुण्याचे घर विकून आलेली रक्कम ताबडतोब नव्या घरात गुंतवली नाही तर कर भरावा लागेल, या भीतीने लोक पहिले मिळेल ते घर घेतात. आयकर कायद्यात राहत्या घराच्या विक्रीनंतर दुसरे घर विकत घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळते, आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवता येते. याचा अर्थ एक वर्ष भाड्याने राहून पाहण्याला कायद्याची आडकाठी नाही. त्याहून बरे म्हणजे पहिले वर्षभर जुने घर विकूच नये.

नदीकाठच्या शहरात पूररेषा पाहिल्याशिवाय घर घेऊ नये. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. पण कोल्हापूरने 2019 आणि 2021 अशा दोन वर्षांच्या अंतराने मोठे पूर पाहिले आणि 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा लाल रेषेच्या आत घर घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. शेजाऱ्यांना भिंतीवरची पाण्याची खूण दाखवायला सांगावे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या वर जाऊ नये. ज्येष्ठांसाठीच्या खास गृहप्रकल्पात जागा घेत असाल, तर महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये घातलेल्या निकषांप्रमाणे 900 मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि न्हाणीघरात आधाराच्या दांड्या आहेत का, हे स्वतः मोजून पाहावे.

चूक होऊन गेली असेल तर

घर घेतले आणि ओल येते आहे, तर आतून रंगाचे थर चढवत बसू नका. पाणी बाहेरून येते. पावसाळा संपताच बाहेरच्या भिंतीच्या भेगा बुजवून झडीच्या बाजूला पत्र्याचा किंवा कौलांचा आडोसा करावा. जिन्याचा त्रास होत असेल तर आपले घर भाड्याने देऊन त्याच वस्तीत तळमजल्यावर भाड्याने जावे, म्हणजे ओळखीपाळखी तुटत नाहीत. एकटेपणा वाटत असेल तर शहर बदलण्याआधी वस्ती बदलून पाहावी, कारण शहराबाहेरच्या संकुलातून गावठाणाजवळ आलेली माणसे पुष्कळदा त्याच शहरात रमतात. आणि दोन पावसाळे काढूनही मन लागत नसेल, रात्री झोप येत नसेल, तर परत जावे. आमच्या इमारतीतले एक जोडपे तिसऱ्या वर्षी ठाण्याला परतले. त्यांनी जुने घर विकलेले नव्हते, त्यामुळे पंधरा दिवसांत सामान हलले, आणि आता ते दोघे दर वर्षी डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने आमच्या शेजारी भाड्याने राहायला येतात.