‘पैसे कापले, पण नेट आलं नाही’ : केबल-इंटरनेटचं बिल ऑनलाइन भरताना या चुका टाळा

केबल आणि इंटरनेट पुरवणाऱ्या एका ऑफिसात मी फोन घेते. महिन्याच्या १ ते ५ तारखेला सकाळचा चहा गार होतो, तो होतोच. पहिलं वाक्य ठरलेलं : “मॅडम, पैसे कापले, पण नेट आलं नाही.” मी विचारते, “ग्राहक क्रमांक?” पलीकडे शांतता. मग, “अहो, नाव सांगतो ना, पाटील.” आमच्या यादीत एकवीस पाटील आहेत, त्यातले चौघे एकाच इमारतीत. नावावरून काय शोधणार, कपाळ?

क्रमांक न वाचता बिल भरणं

माझ्या मते निम्मी भांडणं इथून सुरू होतात. अ‍ॅपला फक्त आकडा कळतो. तो आकडा कुणाचा, हे बघायचं काम तुमचं. त्यात आपल्याकडे एकाच घरात तीन-चार आकडे असतात. इंटरनेटचा यूजर आयडी वेगळा, सेट-टॉप बॉक्सचा नंबर वेगळा, बॉक्सच्या कार्डाचा व्हीसी नंबर आणखी वेगळा, शिवाय नोंदवलेला मोबाइल. केबल आणि नेट दोन्ही एकाच माणसाने बसवलं असलं तरी खाती बहुतेक वेळा दोन असतात. नेटचं बिल भरून टीव्ही का लागत नाही म्हणून वाद घालणारे महिन्याला पाचसहा तरी भेटतात. केबलचं रिचार्ज डीटीएचच्या रकान्यात शोधून ‘तुमची कंपनीच दिसत नाही’ म्हणणारे वेगळेच.

गेल्या वर्षीची गोष्ट. परगावी नोकरी करणारी एक मुलगी आईवडिलांचं बिल तिकडून भरायची. अ‍ॅपमध्ये ‘बाबांचं नेट’ म्हणून सेव्ह करून ठेवलेलं, एक बोट लावलं की काम झालं. आईवडिलांनी घर बदललं, नव्या घरी नवीन कनेक्शन घेतलं. जोडणीबरोबर तीन महिन्यांचा प्लॅन आधीच भरलेला होता, त्यामुळे नेट सुरळीत चालू. ही मात्र दर महिन्याला ‘बाबांचं नेट’वर बोट लावत राहिली. चौथ्या महिन्यात नेट बंद पडलं आणि तिचा फोन आला. आवाज असा की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. “तीन महिने पैसे भरतेय, पावत्या आहेत माझ्याकडे!”

पावत्या होत्या, अगदी खऱ्या. फक्त त्या जुन्या घराच्या आयडीच्या होत्या. तिथे नवा भाडेकरू आलेला. वायर तीच, राउटर तोच, नाव बदलायचा अर्ज कुणीच दिलेला नाही. त्यामुळे बिल उघडलं की नाव वडिलांचंच दिसायचं. तिने नाव वाचलं असतं तरी चूक कळली नसती. कळली असती ती फक्त आयडीचे शेवटचे चार आकडे वाचून. भाडेकरूला वाटत होतं, नेटचे पैसे घरमालक भरतात. घरमालकांना तर काहीच वाटत नव्हतं.

वापरून संपलेलं इंटरनेट परत घेता येत नाही. आमच्या मालकांनी हात वर केले. शेवटी मीच तिघांना आळीपाळीने फोन लावले. भाडेकरू भला निघाला, त्याने दोन महिन्यांचे पैसे तिला पाठवले. तिसऱ्या महिन्याचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही. माझी दुपार गेली ती गेलीच.

तेव्हापासून माझ्या घरी राउटरच्या पोटाला पांढरी चिकटपट्टी आहे. तिच्यावर मार्करने यूजर आयडी लिहिलाय, बॉक्सच्या पाठीवर बॉक्सचा नंबर. दोन्हींचे फोटो आईच्या आणि भावाच्या फोनमध्ये. पैसे पाठवायच्या आधी शेवटचे चार आकडे मी मोठ्याने वाचते. घरात हसतात, हसू देत. आणि घर बदललं की सामानाचा टेम्पो उतरवण्याआधी अ‍ॅपमधलं जुनं सेव्ह केलेलं कनेक्शन काढून टाका.

पेंडिंग दिसलं की पुन्हा भरणं

व्यवहार ‘फेल’ होणं आणि ‘पेंडिंग’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब नाही. पेंडिंग म्हणजे पैसे निघालेत, पोचल्याची खबर आलेली नाही. अशा वेळी दुसऱ्यांदा भरलं की दोन्ही पोचू शकतात.

एका रविवारी, क्रिकेटचा सामना तोंडावर, एका गृहस्थांनी अकरा मिनिटांत चार वेळा बिल भरलं. दोनदा एका अ‍ॅपवरून, एकदा दुसऱ्यावरून, आणि शेवटचं बायकोच्या फोनवरून. त्यातलं पहिलं आणि चौथं लागलं, मधली दोन अडकली. सोमवारी ते स्वतः ऑफिसात हजर, हातात चार स्क्रीनशॉट. दोन स्क्रीनशॉटवर व्यवहार क्रमांकाच्या जागी फक्त गोल फिरणारं चक्र! त्याचं मी काय करू? बँकेचं स्टेटमेंट मागवलं, त्यातले यूटीआर, म्हणजे व्यवहाराचे बारा आकडी क्रमांक, एकेक करून आमच्या यादीशी ताडले. अडकलेले पैसे चौथ्या दिवशी त्यांच्या खात्यात आपसूक परत आले. जास्तीचा लागलेला एक महिना आम्ही पुढे वळता केला. त्यांना तो रोख हवा होता. ऑनलाइन आलेला पैसा कंपनीच्या खात्यात जातो, माझ्या गल्ल्यात नाही, हे पटवण्यात आणखी वीस मिनिटं गेली.

रिझर्व्ह बँकेचा यावर २०१९ पासून नियम आहे. यूपीआयने व्यापाऱ्याला पैसे दिले, खात्यातून कापले गेले, पण त्याच्याकडे खबर पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई. म्हणजे पैसा हवेत विरत नाही. ऑगस्ट २०२५ पासून तर पेंडिंग व्यवहाराची स्थिती तीनदाच तपासता येते, तीही मध्ये ९० सेकंद जाऊ देऊन. दर पाच सेकंदांनी बटण दाबणाऱ्यांवर कुणीतरी लगाम घातला, मला बरं वाटलं.

मी स्वतः काय करते? अर्धा तास फोन पालथा ठेवते. मग अ‍ॅप न बघता बँकेच्या खात्यातली नोंद बघते. पैसे गेले असतील आणि सेवा सुरू नसेल तर यूटीआर लिहून घेऊन फोन करते. बिल ‘भारत बिलपे’ या बिलं भरायच्या यंत्रणेतून भरलं असेल (आता त्याला भारत कनेक्ट म्हणतात), तर त्याच अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराखाली तक्रार नोंदवायची सोय असते. ती कुणी वापरत नाही, सगळ्यांना माझाच नंबर पाठ.

शेवटच्या रात्री, बंद पडलेल्या वायफायवरून

प्लॅन संपल्यावर पुष्कळदा आमचं बिलाचं पान तेवढं उघडतं, बाकी सगळं बंद. तुम्ही रक्कम टाकता, पुढे बँकेचं पान येतच नाही आणि अर्ध्यात लटकता. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून भरा. आणि मुळात दोन दिवस आधी का नाही भरत, हा प्रश्न मी गिळते.

केबलवाल्याच्या क्यूआरवर नुसते पैसे टाकणं

पैसे येतात भाच्याच्या खात्यातून, कनेक्शन मामांच्या नावावर, आणि शेऱ्यात हात जोडल्याचं चित्र. आम्ही ते कुणाच्या नावावर जमा करायचे? शेऱ्यात ग्राहक क्रमांक लिहा आणि पावती मागून घ्या. फोनवरची हिरवी खूण ही पावती नव्हे.

ऑटोपे लावून विसरणं

ऑटोपेला, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कापले जायच्या सोयीला, माझा विरोध नाही, आळसाला आहे. कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, ती वाचायची असते. प्लॅन बदलला किंवा कनेक्शन सोडलं तर वायर काढायला माणूस यायच्या आधी ऑटोपे रद्द करा. आम्ही वायर कापली म्हणून बँकेचा आदेश रद्द होत नाही.

नेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन करणं

इथे मात्र मी ओरडते. बिल अडकलं की लोक घाबरून नंबर शोधतात, वरचा पहिला लावतात, पलीकडचा गोड बोलून तुमच्या फोनची स्क्रीन त्याला दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतो. ‘आज रात्री कनेक्शन बंद होईल’ असा मेसेज आणि खाली कुणाचा तरी मोबाइल नंबर, हाही त्यातलाच प्रकार. नंबर जुन्या पावतीवरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधलाच घ्या. परतावा मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमचेच जाणार. फसलातच तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मला नंतर. तिथे जितक्या लवकर कळेल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

पैसे भरले आणि बॉक्स बंद करून ठेवला

रिचार्ज झाल्याचा संदेश बॉक्सला केबलच्या सिग्नलमधूनच मिळतो. बॉक्स बंद असेल तर तो त्याच्यापर्यंत पोचणार कसा? एखादा चॅनेल लावून पंधरा मिनिटं टीव्ही चालू ठेवा. नेटचं असेल तर राउटर बंद करून पाच मिनिटांनी लावा. पाच म्हणजे पाच, बटण खालीवर केलं म्हणजे झालं नाही. परवा एक काकू फोनवर म्हणाल्या, “चालूच आहे हो.” मी म्हटलं, “बॉक्सवरचा दिवा कुठला लागलाय, लाल की हिरवा?” थोडा वेळ काहीच नाही. मग लांबून आवाज आला, “अगं, प्लगच काढलाय कुणीतरी मिक्सर लावायला.”