कृष्णेचं पाणी तपासताय? या चुका टाळा

मासे मेल्याची बातमी आली की दोन दिवसांत कुणीतरी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत नदीचं पाणी भरून आणतंच. ‘बघा जरा, मळीचं पाणी सोडलंय का.’ बाटली तोवर गाडीच्या डिकीत दोन दिवस तापलेली असते. आकडा काढता येतो, पण तो बाटलीचा, नदीचा नव्हे.

सर्वांत जास्त फसवतो तो विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ. मीही फसलोय. मार्चमधली दुपार, बंधाऱ्यामागचं हिरवट, साचलेलं पाणी आणि मीटरवर १० च्या वर आकडा. नदी ठणठणीत आहे असं सांगून मोकळा झालो. घरी येऊन तक्ता उघडला, तर ३० अंशाला पाणी हवेतून लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन धरतं! वरचा सगळा शेवाळाने उन्हात बनवलेला. तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खात बसतं, म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. तेव्हा डीओ एकदा उजाडायच्या आत आणि एकदा दुपारी घ्या. एकदाच जमणार असेल तर पहाटे उठा.

मीटर नसेल तर विंकलर पद्धत, म्हणजे बाटलीत रसायनं घालून डीओ मोजणं, आहेच. पण बादलीतून बाटलीत पाणी ओतू नका. ओततानाच हवा मिसळते. बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरा, बुचाखाली बुडबुडा राहू देऊ नका. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड काठावरच घाला, प्रयोगशाळेत पोहोचल्यावर नव्हे. साका, म्हणजे त्यातून तयार होणारा गाळ, तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. हा पांढरा साका गावकऱ्यांना दाखवा, कुठल्याही अहवालापेक्षा लवकर पटतो.

दुसरी चूक जागेची. कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर भिडतात. प्रीतिसंगमावर फोटो झकास येतो, नमुना नाही. पाणी अजून पुरतं मिसळलेलंच नसतं. दोन्ही नद्यांचे नमुने संगमाच्या वर घ्या आणि तिसरा बराच खाली, भर धारेत. सांगलीत शहराचं सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्याच्या तोंडाशी बाटली बुडवली तर हाती नाल्याचा अहवाल येतो. नाल्याच्या वर, नाल्यात आणि खाली असे तीन नमुने असतील तरच काही बोलता येतं.

आता तो खिशातला टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार-पदार्थ विरघळलेत ते दाखवणारा. आरओच्या पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून बघा, आकडा जागचा हलत नाही. पेन मोजतो पाण्याची विद्युतवाहकता, आणि साखर वीज वाहत नाही. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात याच पेनवर विसंबून ‘टीडीएस कमी, पाणी चांगलं’ म्हणणं म्हणजे कमालच आहे.

बीओडीत, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना किती ऑक्सिजन लागतो ते मोजताना, दोन घोळ हमखास होतात. सांडपाण्याचा नमुना पातळ न करताच बाटलीत घातला तर ऑक्सिजन मधेच संपतो आणि उत्तर एवढंच मिळतं की बीओडी ‘याहून जास्त’ आहे. दुसरा घोळ तुलनेचा. आपल्याकडे चाचणी २७ अंशाला ३ दिवसांची, जुन्या पुस्तकांत २० अंशाला ५ दिवसांची. आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरमागे बीओडी ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि डीओ किमान ५ मिलिग्रॅम हवा, पण हा ३ चा आकडा ३ दिवसांच्या चाचणीचा आहे. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी लावा. जंतूंसाठीची बाटली वेगळी आणि निर्जंतुक. ती नदीच्या पाण्याने विसळायची नाही.

पीएच मीटर नुसत्या ७ च्या बफरवर, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर, जुळवू नका, ४ किंवा ९.२ चाही घ्या. त्याची कांडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवू नका, खराब होते.

आणि वहीत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान याबरोबर बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेत की काढलेत हेही लिहा. बरगे काढल्यावर तुंबलेलं पाणी एकदम खाली येतं. ते कळल्याशिवाय त्या दिवशीच्या आकड्याचा अर्थ लागत नाही.